लिनक्स लॅपटॉपसाठी डोंगल, हॉटस्पॉट की सिमवाला राउटर? (जावळी, सातारा)

मेढ्याची_वाट
रविवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी,

मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत आमचं गाव आहे. सासर इथलं, नोकरी पुण्याच्या एका कंपनीत, सॉफ्टवेअर तपासणीची. आठवड्यातले चार दिवस घरून काम, एक दिवस ऑफिस. लॅपटॉप माझा स्वतःचा, जुना थिंकपॅड, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट. गेली सहा वर्षं लिनक्सच वापरतेय आणि ते सोडायचं नाही.

गावात फायबर आलेलं नाही. आत्तापर्यंत फोनच्या हॉटस्पॉटवर भागवलं. पण माझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत. नेट एका सिमवर चालू असतं आणि दुसऱ्या सिमवर फोन आला की नेट थांबतं. मीटिंगमध्ये मी बोलत असते आणि पलीकडच्यांना वाटतं मी उठून गेले. दुपारपर्यंत फोन तव्यासारखा तापतो तो वेगळाच.

म्हणून वेगळं यंत्र घ्यायचं ठरवलं आणि दोनदा फसले. पहिलं दिरांच्या कपाटातलं जुनं डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचं सिमवालं नेटचं यंत्र. ते लावलं की क्षणभर सीडीचं चित्र येतं, जातं, मग 'मोबाइल ब्रॉडबँड' असं दिसतं. जोडायला गेलं की चक्र फिरत राहतं आणि तुटतं. दुसरं ऑनलाइन मागवलं. ते नीट चालू झालं, पण एकाच कंपनीचं सिम घेतं आणि त्या कंपनीची रेंज आमच्या घरात नाही. परत करायची मुदतही हुकली.

आता दुधाने तोंड पोळलंय, म्हणून ताकही फुंकून प्यायचं ठरवलंय. चार-पाच हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. डोंगल घेऊ, बॅटरीवालं हॉटस्पॉट घेऊ की सिमवाला राउटर? लिनक्सवर कुठल्याला ड्रायव्हरची (यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) कटकट नाही?


वाईकर_८७
रविवार, रात्री ९:४१

ताई, नवीन काही घेण्याआधी फोनच यूएसबीच्या वायरने जोडून बघितलात का? अँड्रॉइडमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करायचं. मिंटला तो वायरने जोडलेल्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो, काहीही घालावं लागत नाही. लॅपटॉपची वायफाय चिप रिअलटेक किंवा ब्रॉडकॉमची असली आणि नव्या इन्स्टॉलनंतर वायफाय दिसतच नसलं, तर ड्रायव्हर उतरवायलाही हाच रस्ता. मी कितीतरी जणांचे लॅपटॉप असेच मार्गी लावलेत.


मेढ्याची_वाट
रविवार, रात्री ९:५५

धन्यवाद. वायरने जोडून बघितलंय, चालतं. पण दुसऱ्या सिमवर फोन आला की नेट थांबतं ते थांबतंच. आणि फोन दिवसभर लॅपटॉपला बांधून ठेवला तर घरात कुणाशी बोलायचं कसं?


कृष्णाकाठ
रविवार, रात्री १०:३०

सांगलीहून लिहितोय. उत्तर देण्याआधी थोडी माहिती हवी. टर्मिनल उघडून एलएसयूएसबी ही आज्ञा द्या आणि त्या जुन्या डोंगलची ओळ इथे लिहा. डोंगलच्या पाठीवर किंवा सिमच्या खाचेजवळ काय छापलंय तेही सांगा. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरात कुठल्या खोलीत कुठल्या कंपनीची रेंज किती. 'दोन काड्या' असं नको, आकडा हवा. फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन', त्यात सिमची स्थिती, तिथे उणे चिन्ह असलेला डीबीएममधला आकडा असतो. तो शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली.

हे कळल्याशिवाय मॉडेल सुचवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. ते मला करायचं नाही.


मेढ्याची_वाट
सोमवार, सकाळी ७:१०

जुन्या डोंगलची ओळ: क्रमांक १२डी१ ने सुरू होतो, नाव हुआवे. पाठीवर '७.२ एमबीपीएस' आणि 'एचएसडीपीए' असं छापलंय. रेंजचे आकडे आज संध्याकाळी घेते, दिवसभर काम आहे.


कृष्णाकाठ
सोमवार, दुपारी १:२५

मग पहिल्या कोड्याचा उलगडा झाला. ताई, तुमच्या लिनक्सचा इथे काहीच दोष नाही.

ही डोंगलं लावली की आधी स्वतःला सीडी म्हणवून घेतात. त्या खोट्या सीडीत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. विंडोजवर तो इन्स्टॉल झाला की तोच डोंगलला मॉडेम व्हायला सांगतो. लिनक्सवर हे काम यूएसबी-मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्राम करतो आणि मिंटमध्ये तो आधीपासून असतो. तुम्हाला सीडी क्षणभर दिसून गेली, म्हणजे त्याने आपलं काम चोख केलं. पुढे मॉडेम सांभाळणाऱ्या मॉडेममॅनेजर या प्रोग्रामनेही डोंगल ओळखलं. म्हणून तर 'मोबाइल ब्रॉडबँड' दिसलं.

अडलंय ते याच्याही पुढे. ७.२ एमबीपीएस आणि एचएसडीपीए म्हणजे निव्वळ थ्रीजी. जिओकडे थ्रीजी कधीच नव्हतं, २०१६ मध्ये ते थेट फोरजीवरच सुरू झालं. एअरटेलने २०२० च्या सुमारास आपलं थ्रीजी आवरलं. तुमच्या डोंगलला जे जाळं हवंय तेच तिथे राहिलेलं नाही. त्याच्यावर आणखी एक तासही घालवू नका.

वय झालेल्यांना आठवत असेल, एके काळी आम्ही डब्ल्यूव्हीडायल या जुन्या जोडणीच्या प्रोग्रामच्या फाइलीत स्टार नव्याण्णव हॅश लिहून जोडणी करायचो. त्या काळची बरीच माहिती अजून इंटरनेटवर पडून आहे आणि नवा माणूस ती वाचून घाबरतो. आता त्यातलं जवळजवळ काहीच लागत नाही.

आता निवडीचं. कंपनी किंवा किंमत बघण्याआधी एक प्रश्न विचारा: नेट जोडायचं काम कोण करतं, यंत्र की लॅपटॉप?

जुन्या पद्धतीत डोंगल निव्वळ मॉडेम. एपीएन (कंपनीच्या नेटच्या दाराचं नाव) काय, सिमचा पिन काय, जोडणी तुटली तर पुन्हा लावायची कधी, सगळं लॅपटॉपने बघायचं. दुसऱ्या पद्धतीत डोंगलच्या पोटातच छोटा राउटर असतो. जोडणी तेच करतं, तुटली तर तेच पुन्हा जोडतं आणि लॅपटॉपला म्हणतं, 'मी नेटवर्क कार्ड आहे, हा घे आयपी.' हुआवे या पद्धतीला हायलिंक म्हणते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ टाकलं की त्याचं पान उघडतं, एपीएन तिथे भरायचा. लिनक्सला याच्यासाठी लागणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, कित्येक वर्षांपासून आहे.

हुआवेचं ई३३७२ या नावाने दोन्ही जाती मिळतात, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. शेवटी 'एच' असेल तर पोटात राउटर, 'एस' असेल तर नुसता मॉडेम. दुकानदाराला विचारण्यापेक्षा खोक्यावरचं स्वतः वाचा.

बॅटरीवालं हॉटस्पॉट आणि सिमवाला राउटर हे तर उघडच दुसऱ्या जातीचे. लॅपटॉपशी ते वायफायने बोलतात, मग त्यावर लिनक्स आहे का आणखी काही याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. म्हणून माझं मत: ड्रायव्हरची चिंता डोक्यातून काढा. अर्धी लढाई यंत्राच्या कुलपाची आणि अर्धी रेंजची. कुलूप म्हणजे कंपनीचं लॉक. दुसऱ्या यंत्राने तुम्हाला त्यातच गाठलं.


घाटमाथा_पाटण
सोमवार, दुपारी ३:०५

कृष्णाकाठ दादांना अनुमोदन. रेंजबद्दल मी भर घालतो, काही वर्षं टॉवरच्या देखभालीचं काम केलंय.

आपल्या भागात डोंगर हाच मोठा माणूस. टॉवर एकच असला तरी त्यावरून वेगवेगळ्या लहरी सुटतात. ८५० मेगाहर्ट्झ म्हणजे बँड ५, १८०० म्हणजे बँड ३, २३०० म्हणजे बँड ४०. मेगाहर्ट्झचा आकडा जितका लहान तितकी लहर लांब जाते, भिंतीतून आणि वळणाआड जास्त शिरते. २३०० वर वेग चांगला मिळतो, पण सोंडेच्या मागे गेलात की ती लहर पोचत नाही. त्यामुळे यंत्र घेताना त्यावर बँड ३, ५, ८ आणि ४० लिहिलेत का बघा. बीएसएनएलचं फोरजी वापरायचा विचार असेल तर २८ आणि १ सुद्धा हवेत. बाहेरच्या देशासाठी बनलेलं यंत्र स्वस्तात मिळतं आणि त्यात नेमका ५ किंवा ४० नसतो. मॉडेलचं नाव तेच, पुढचे तीन आकडे वेगळे, आणि बँडही वेगळे.

आणि ताई, आकडा घेताना घरभर फिरा. माळ्यावर चढा, कौलांच्या जवळ जा. आमच्याकडे ओट्यावर काही नाही आणि माळ्यावर भरपूर, असं कितीतरी घरांत बघितलंय.


मुक्त_सातारा
सोमवार, संध्याकाळी ६:४०

मला थोडं वेगळं मांडायचंय. पोटात राउटर असलेलं यंत्र सोपं हे मान्य. पण तो राउटर बंद पेटीतला. त्यात काय सॉफ्टवेअर आहे, शेवटचं कधी सुधारलं, कुणाला ठाऊक? आपण लिनक्स वापरतो ते आपल्या यंत्रावर आपला ताबा राहावा म्हणून. नुसता मॉडेम असेल तर सगळी सूत्रं लॅपटॉपकडे. मॉडेमशी बोलायच्या क्यूएमआय आणि एमबीआयएम या दोन्ही पद्धतींचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेत, क्यूएमआयचा तर २०१२ पासून. मॉडेममॅनेजर सिग्नलचा आकडा दाखवतो, एसएमएस वाचून देतो. शिवाय डोंगलच्या राउटरमागे आपला लॅपटॉप म्हणजे एका भिंतीमागे दुसरी भिंत.


कृष्णाकाठ
सोमवार, रात्री ८:१५

मुक्त_सातारा, तुमचा मुद्दा मनापासून पटतो. माझ्याकडेही नुसता मॉडेम आहे आणि मी तोच वापरतो. पण भिंतीचं म्हणाल तर मोबाइल कंपन्या तसाही आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचा स्वतंत्र इंटरनेट पत्ता देत नाहीत, हजारो ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. बाहेरून घरच्या लॅपटॉपवर एसएसएच करायचं, म्हणजे दुरून आज्ञा द्यायच्या, तर वायरगार्डसारखा खासगी जोडणीचा बोगदा दोन्ही बाबतींत लागणारच.

ताईंची गरज वेगळी आहे. सकाळी दहाच्या मीटिंगला नेट हवं. शिवाय ओट्यावर रेंज नाही असं निघालं तर मॉडेम लॅपटॉपलाच खोचावा लागेल आणि लॅपटॉप रेंजच्या मागे मागे न्यावा लागेल. यंत्र रेंजपाशी आणि माणूस कामापाशी, हे फक्त वायफायवाल्या यंत्रात जमतं. बंद पेटीबद्दलची काळजी रास्त आहे, त्यावर उपाय: आल्या आल्या पानाचा आणि वायफायचा पासवर्ड बदला. स्वस्तातल्या बिननावाच्या डोंगलांवर तो १२३४५६७८९० असा ओळीने असतो आणि 'ॲडमिन'चा पासवर्डही ॲडमिन. तसंच ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय.


मुक्त_सातारा
सोमवार, रात्री ८:३२

रेंजचा मुद्दा मान्य. तो माझ्या ध्यानात आला नव्हता. त्या बिननावाच्या डोंगलांतल्या काहींत स्नॅपड्रॅगन ४१० चिप असते आणि त्यावर लोकांनी डेबियन लिनक्स चढवलंय. हौस असेल त्यांनी जरूर करून बघावं, कामाच्या मुख्य जोडणीसाठी मात्र नको.


मेढ्याची_वाट
सोमवार, रात्री ९:५०

आकडे घेतले. तीन सिम, माझं, दिरांचं आणि सासूबाईंचं. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण पलीकडच्या आळीत चित्र उलटं असेल.

ओट्यावर: माझं उणे ११६, दिरांचं उणे १२१, सासूबाईंचं रेंजच नाही.
स्वयंपाकघरात: तिन्ही नाहीत.
माळ्यावर पूर्वेच्या खिडकीत, जिथून कण्हेरच्या पाण्याची बाजू दिसते: माझं उणे १०४, दिरांचं उणे ९९, सासूबाईंचं उणे ११२.

मी सहा वर्षं ओट्यावर बसून माझ्याच सिमवर काम करतेय! माळ्यावर आम्ही हळद आणि भाताची कणगी ठेवतो, तिथे इंटरनेट आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.


घाटमाथा_पाटण
सोमवार, रात्री १०:०५

ताई, हे फार मोलाचं काम केलंत. हा आकडा साधा नाही. १० चा फरक म्हणजे दहापट, २० चा म्हणजे शंभरपट. ओट्यावरचं तुमचं उणे ११६ आणि माळ्यावरचं दिरांचं उणे ९९, यात १७ चा फरक. म्हणजे जवळजवळ पन्नासपट ताकद. उणे ११० च्या खाली व्हिडिओ मीटिंग धरून राहत नाही, उणे १०० च्या आसपास ती निभावते. आता एसआयएनआर (गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती) हा दुसरा आकडाही बघा, तो यंत्राच्या पानावर मिळेल. ताकद चांगली आणि एसआयएनआर शून्याच्या खाली असेल तर गोंगाट जास्त आहे असं समजायचं. अशा वेळी यंत्र दोन वीत सरकवलं तरी फरक पडतो.


हळदबाजार
मंगळवार, सकाळी ११:१५

माझ्या थिंकपॅडमध्ये आतच सिमची खाच आहे. ताईंच्याही असेल. आतलं कार्ड घातलं तर बाहेर काही लोंबकळणार नाही. हा पर्याय कसा?


कृष्णाकाठ
मंगळवार, दुपारी १:४०

खाच असते म्हणजे कार्ड असतंच असं नाही. जुने ऑफिसवापरातले थिंकपॅड विकायला येतात, त्यात बऱ्याचदा खाच असते, पण आत मॉडेम कार्ड नसतं आणि कधी कधी अँटेनाच्या वायरीही ओढलेल्या नसतात. त्या पडद्याच्या कडेने जातात, नंतर घालणं म्हणजे अख्खा लॅपटॉप उघडणं. त्यात जुन्या मॉडेलांचा बायोस (लॅपटॉप चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर) ठराविक कार्डंच मान्य करतो. काही कार्डांना एफसीसी या अमेरिकी नियामकाच्या नियमाचं कुलूप असतं, ते चालू होताना उघडावं लागतं आणि नवी मॉडेममॅनेजर आवृत्ती ते आपणहून उघडत नाही, त्याची स्क्रिप्ट आपणच जोडायची. हे सगळं करून कार्ड बसणार कुठे, तर ओट्यावर. ताईंचं इंटरनेट माळ्यावर आहे.

प्रवासात काम करणाऱ्यांसाठी मात्र आतलं कार्ड उत्तम. हळदबाजार, तुमच्या खाचेत कार्ड आहे का ते 'एमएमसीएलआय उणे एल' या आज्ञेने कळेल.


तासगाव_बेदाणा
मंगळवार, दुपारी ४:२०

बॅटरीवाल्या हॉटस्पॉटबद्दल एक सावधगिरीची सूचना. मी तसलं यंत्र द्राक्षाच्या शेडवर दिवसरात्र चार्जरला लावून ठेवलं होतं. आठ-नऊ महिन्यांनी मागचं झाकण वर आलं. उघडून बघितलं तर बॅटरी पुरीसारखी फुगलेली. उन्हाळ्यात पत्र्याखाली ते यंत्र होतं, आग लागली असती. बॅटरी ही फिरस्तीसाठी, चोवीस तास लावून ठेवण्यासाठी नव्हे. एका जागी ठेवायचं असेल तर बॅटरी नसलेलंच घ्या. लाइट गेली तर राउटरचा छोटा यूपीएस मिळतो.


मेढ्याची_वाट
मंगळवार, रात्री ९:००

हे वाचून अंगावर काटा आला. आमचा माळा लाकडी आहे आणि वर कणगी. बॅटरीवालं बाद.

आता उरले दोन: सिमवाला राउटर किंवा डोंगल. राउटर माळ्यावर ठेवला तर घरात सगळीकडे वायफाय मिळेल, पण ऑफिसच्या दिवशी एसटीत मला काही नाही. डोंगल असेल तर ते लॅपटॉपला खोचलेलं, म्हणजे मला माळ्यावरच बसावं लागेल. दोन्ही घ्यायला पैसे नाहीत.


कृष्णाकाठ
मंगळवार, रात्री ९:४५

ताई, एक तिसरी जात आहे आणि तुमच्यासाठी तीच योग्य. वायफाय देणारं डोंगल. दिसायला पेनड्राइव्हसारखंच, पण पोटात राउटर आणि वायफाय दोन्ही. हुआवेचं ई८३७२ त्यातलं, इतरांचीही आहेत. याला बॅटरी नसते. यूएसबीतून नुसती वीज लागते, ती लॅपटॉपची असो नाहीतर फोनच्या चार्जरची. घरी असताना माळ्याच्या खिडकीत चार्जरला लावा, खाली ओट्यावर वायफायवर काम करा. एसटीत बसलात की लॅपटॉपला खोचा, तो त्याला नेटवर्क कार्ड म्हणून ओळखेल. वेगाने म्हणाल तर १५० एमबीपीएस हा खोक्यावरचा आकडा, तुमच्या खिडकीत त्याच्या दशांशही मिळाला तरी तुमचं काम होतं.

घेताना तीन गोष्टी विकणाऱ्याकडून लिहून घ्या: कुठल्याही कंपनीचं सिम चालतं, बँड ३, ५, ८, ४० आहेत, आणि चालला नाही तर परत घेणार.

कुलपाच्या बाबतीत मी एवढा हट्ट का धरतो ते सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या गल्लीत पाणी शिरलं, वायरवरचं नेट पहिल्या दिवशीच गेलं. मग माझ्या सिमच्या टॉवरचं जनरेटर बंद पडलं आणि तीही रेंज गेली. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सिमला रेंज होती, पण माझं डोंगल ते सिम घेत नव्हतं. त्यांच्या फोनवर रांग लावून आम्ही सगळ्यांनी नातेवाइकांना 'सुखरूप आहोत' कळवलं. आईचा निरोप मामाला पोचायला दीड दिवस लागला. त्यानंतर घरात कुलूपबंद यंत्र आणलं नाही.


घाटमाथा_पाटण
मंगळवार, रात्री १०:२०

आणखी एक. लॅपटॉपला खोचाल तेव्हा थेट खोचू नका, एक-दीड मीटरची यूएसबी २.० ची चांगली वायर मध्ये घ्या. यूएसबी ३.० च्या निळ्या खाचेतून आणि वायरीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट सुटतो. इंटेलनेच २०१२ मध्ये ते मोजून मांडलंय. बँड ४० त्याच्या अगदी शेजारी. डोंगल लॅपटॉपच्या अंगापासून थोडं लांब गेलं की एसआयएनआर सुधारतो. मात्र वायर फार लांबही नको, डोंगलला वीज कमी पडते आणि ते मधूनच बंद पडतं. वीज नसलेल्या यूएसबी हबवर तर लावूच नका.


वाईकर_८७
बुधवार, सकाळी ८:३०

मिंटमध्ये बॅटरी वाचवायला टीएलपी घातलं असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये डोंगलचा क्रमांक यूएसबी ऑटोसस्पेंडमधून वगळा. नाहीतर थोडा वेळ काही हललं नाही की यंत्राला झोपवतो आणि आपल्याला वाटतं नेट गेलं.

आणि डेटाचं बघा. नेटवर्कमॅनेजरला (मिंटमध्ये नेटच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) दर वेळी आपणहून कळतंच असं नाही की हे नेट मोजून मिळतंय. वायफायवाल्या डोंगलला तर तो घरचं वायफायच समजतो. त्या जोडणीला 'मीटर्ड' म्हणून खूण करा. टर्मिनलवर एनएमसीएलआय या आज्ञेने जोडणीच्या मीटर्ड या गुणाला 'येस' द्यायचं. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये आपोआप अपडेट बंद ठेवा, फ्लॅटपॅक पद्धतीने घातलेल्या ॲपांचेही. उबुंटू हे दुसरं लिनक्स वापरणाऱ्यांनी स्नॅप या तिथल्या ॲप-व्यवस्थेला मीटर्डवर थांबायला सांगावं, तशी सोय त्यात आहे. कर्नल, ऑफिस, ब्राउझर यांची अपडेट मी आठवड्यातून एकदा बहिणीकडे साताऱ्यात फायबरवर करतो.

मीटिंगचा हिशेब सोपा: सेकंदाला १ मेगाबिट म्हणजे तासाला सुमारे ४५० मेगाबाइट. चार तासांच्या मीटिंगांना पावणेदोन जीबी. कॅमेरा बंद ठेवला तर पुष्कळ वाचतात.


हळदबाजार
बुधवार, दुपारी १२:१०

कळलं, माझ्या खाचेत कार्ड नाही. आज्ञेला उत्तर आलं, 'एकही मॉडेम सापडला नाही'. मीही याच धाग्यावर लक्ष ठेवून आहे.


मेढ्याची_वाट
शनिवार, सायंकाळी ५:४०

मंडळी, घेतलं. वायफायवालं डोंगल, कुलूप नसलेलं. साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला एका दुकानात मिळालं. दुकानदारदादांना आधीच सांगितलं की माझं आणि दिरांचं, दोन्ही सिम इथेच घालून बघणार. त्यांनी चार्जर लावून दिला, मी लॅपटॉप काउंटरवरच उघडला. आधी वायफायने, मग यूएसबीने. मिंटला 'वायर्ड जोडणी' दिसली, एकही पॅकेज घालावं लागलं नाही. पासवर्ड दुकानातच बदलले. बिलावर त्यांनी 'सर्व सिम चालू' असं लिहून शिक्का मारून दिलाय.

घरी माळ्यावर पूर्वेच्या खिडकीत चार्जरला लावलं. दिरांचं सिम आहे आत, त्यांना मी दुसरं घेऊन दिलं. पानावरचे आकडे: आरएसआरपी (तोच ताकदीचा आकडा) उणे ९७, एसआयएनआर ८. मग पाटणच्या दादांचं ऐकून खिडकीच्या चौकटीवर डावीकडे दोन वीत सरकवलं, एसआयएनआर ८ चा १३ झाला. त्या जागी नवऱ्याने लाकडाची छोटी फळी ठोकून दिलीय.

बँड आपोआप ४० वर जायचा आणि दर थोड्या वेळाने पडायचा. पानावर जाऊन त्याला ३ आणि ५ वरच राहायला सांगितलं. वेग थोडा कमी झाला, पडणं थांबलं.


घाटमाथा_पाटण
शनिवार, सायंकाळी ६:१५

वा, मन भरून आलं वाचून. १३ म्हणजे आपल्या डोंगरात उत्तम. आता एकच सांगणं: विजा चमकायला लागल्या की चार्जर भिंतीतून काढायचा, मीटिंग असली तरी. आणि खिडकीतून पाऊस आत येतो का बघा. महाबळेश्वरचा पाऊस तुमच्या डोक्यावरूनच जातो.


मुक्त_सातारा
शनिवार, रात्री ८:०५

ताई, अभिनंदन. त्या पानावर सॉफ्टवेअर सुधारणा आलीय का तेही महिन्यातून एकदा बघत जा. आणि बाहेरून पानावर येण्याची सोय बंद आहे ना, याची खात्री करा.


मेढ्याची_वाट
पुढचा बुधवार, दुपारी २:५०

बाहेरून येण्याची सोय बंदच होती, बघितलं.

सोमवारी सकाळी दहाला मीटिंग, पावणेदोन तास. मधे माझ्या दुसऱ्या सिमवर आईचा फोन आला, मी तो घेतला, बोलले, ठेवला. मीटिंग चालूच होती. मंगळवारी लाइट अर्धा तास गेली तेव्हा डोंगल काढून लॅपटॉपला लावलं आणि माळ्यावरच कणगीला टेकून काम पुरं केलं.

खिडकीच्या फटीतून वाऱ्यासोबत थेंब येतात. सासूबाईंनी भाताच्या कणगीवरचं जुनं मेणकापड कापून फळीवर छपरासारखं लावून दिलंय. आता रोज सकाळी हळद बघायला वर गेल्या की त्या खाली आवाज देतात, "निळा दिवा लागलाय गं."